अण्णासाहेबांचा होकार

गिऱ्हाईक म्हणजे देव, असं दुकानदार म्हणतात. प्रॉडक्ट डिझाइनच्या धंद्यात हा देव स्वतःच नवस बोलतो आणि फेडायला मात्र तुम्हाला लावतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत, औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर मृणाल शिंत्रे आणि तौफिक मुल्लाणी हे नवस बरीच वर्षं फेडत होते. स्टुडिओचं नाव ‘रेघ’. दोघं एकाच कॉलेजातले. वस्तू दिसावी कशी आणि हातात बसावी कशी हे मृणालनं बघायचं, ती साच्यातून धड बाहेर कशी पडेल हे तौफिकनं. बादल्या, डबे, किसण्या, लहान मुलांच्या खुर्च्या. तुमच्या घरातली एखादी वस्तू त्यांनी काढलेली असेलही. तिच्यावर त्यांचं नाव असणार नाही, एवढं नक्की.

धंद्यातली गाऱ्हाणी सांगायची तर दिवस पुरणार नाही. कुणी म्हणायचं, आधी चार-पाच प्रकार फुकट करून दाखवा, मग कामाचं बघू. कुणी परदेशी वस्तू पिशवीतून काढून टेबलावर ठेवायचं आणि म्हणायचं, ‘असंच पायजे, पण अगदी असंच नको.’ साचा कापायला गेल्यावर ‘फक्त एक छोटासा बदल’ सुचणारे तर पावलोपावली. आणि प्रत्येकाचा एक मेहुणा असतो, ज्याची चित्रकला लहानपणी फार चांगली होती.

या सगळ्यावर मृणालनं फार पूर्वी एक उपाय काढला होता. तिच्या ध्यानात आलं होतं, की डिझाइन कितीही चांगलं असो, मालकाला त्यात काहीतरी बदलल्याशिवाय ते आपलं वाटत नाही. बदलण्यासारखं काही सापडलं नाही की तो चांगल्या जागी हात घालतो आणि वस्तू बिघडवतो. म्हणून ती प्रत्येक डिझाइनमध्ये एक ढळढळीत चूक मुद्दाम ठेवायची. आंधळ्यालाही दिसेल अशी. गोऱ्यागोमट्या बाळाच्या गालावर आई काजळाचा ठिपका लावते, लोकांची नजर त्या ठिपक्यावर बसावी म्हणून; तसंच. स्टुडिओत या चुकीला ‘तीट’ म्हणायचे. मालक तीट बघायचा, ओरडायचा, पुसायला लावायचा आणि खुशीत सही करून जायचा. बाळ सुखरूप राहायचं.

तीट सगळ्यात छान पुसायचे अण्णासाहेब मगदूम.

शिरोलीच्या एमआयडीसीत त्यांचा प्लॅस्टिकचा कारखाना होता आणि ‘रेघ’चं निम्म्याहून जास्त काम तिथूनच यायचं. अण्णासाहेब पांढऱ्या सदऱ्यात, कपाळाला गंध लावून, मॉडेल दोन्ही हातांत घेऊन असं फिरवायचे, की बाजारात भोपळाच निवडतायत. मग त्यांना तीट दिसायची.

“काय ओ म्याडम, ह्या डब्याचं झाकण उघडायला माणसानं कोपर वापरायचं व्हय?”

“चुकलंच, अण्णा.”

“चुकलंच म्हंजे? शिकलेली माणसं तुम्ही! ती खाच हिकडं घ्या. तेवढं केलंसा की झालं. आरं, चा सांग रे.”

चहा यायचा. मृणाल ती खाच ‘हिकडं’ घ्यायची, म्हणजे मुळात जिथं काढलेली असायची तिथं. वीसेक वर्षं हा खेळ चालला होता आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आला नव्हता.

मग होकार आला.

होकार हे यंत्र म्हणण्यापेक्षा एक हिशेब आहे. माणूस तोंडानं हो किंवा नाही म्हणतो, त्याच्या आधीच त्याच्या अंगानं ते ठरवलेलं असतं. डोळ्यांच्या बाहुल्या किंचित मोठ्या होतात, नाडी बदलते, आवाजात क्षणभर अडखळ येते. हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होतं. नवीन एवढंच घडलं, की या खुणा साध्या कॅमेऱ्यानं आणि मनगटावरच्या पट्टीनं टिपता येऊ लागल्या आणि एका माणसाला आयुष्यात काय काय दाखवलं गेलं, त्यावर त्यानं काय केलं, अशा हजारो जोड्या संगणकाला शिकवून त्या माणसाची निवड करायची पद्धत उतरवून घेता येऊ लागली. जुन्या बैठकांची रेकॉर्डिंग, मेल, फोन, सगळं त्यात ओतायचं. मग त्याला नवी वस्तू दाखवली की तो माणूस काय म्हणेल ते होकार सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो.

अण्णासाहेबांचा मुलगा अभिनंदन पुण्याहून शिकून आला होता. वडिलांच्या मागं दिवसभर ‘हे बघा, ते बघा’ करत फिरणारी माणसं बघून त्यानं वडिलांचा होकार बनवून घेतला. अण्णांना गंमत वाटली.

“म्हंजे मी जेवाय बसलो, तरी हे माझ्या वतीनं भांडत बसणार? ब्येस की!”

पहिलं वर्ष होकार ‘फेऱ्यां’त चालायचा. म्हणजे डिझाइन पाठवलं की अण्णांच्याच भाषेत हरकत यायची, दुरुस्ती पाठवली की मंजुरी. मृणालला ते खोटं वाटायचं, पण काम व्हायचं. पुढं अभिनंदननं कारखान्यातली साचे कापणारी यंत्रंही होकाराला जोडली आणि ‘थेट’ नावाचं बटण दाबलं. थेट म्हणजे मधली घासाघीस गाळायची आणि शेवटी माणूस जिथं पोचणार तो निकाल आधीच द्यायचा. वेळ वाचतो. व्यापाऱ्याला ‘वेळ वाचतो’ म्हटलं की पुढचं काही ऐकू येत नाही.

हे बटण दाबल्याचं ‘रेघ’ला कुणी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात मृणालनं चहाच्या थर्मास-किटलीचं डिझाइन पाठवलं. ऑफिसात, हळदी-कुंकवाला, लग्नघरात चालेल अशी देखणी किटली. तीट म्हणून तिनं झाकणाची चोच उलटी बसवली होती, बरोबर मुठीच्या वर. ओतायला गेलं की चहा धरणाऱ्याच्या हातावर. एवढी मोठी तीट तिनं पूर्वी कधी लावली नव्हती. अण्णा केवढे ओरडतील या कल्पनेनंच ती हसत होती. संध्याकाळी उत्तर आलं: मंजूर. होकाराचं काहीतरी बिघडलंय, उद्या अण्णांनाच फोन करू, असं म्हणून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिनंदनचाच फोन आला. अण्णांना पहाटे पक्षाघाताचा झटका आला होता. दवाखान्यात होते, शुद्धीवर नव्हते.

मृणाल “बरं” म्हणाली. फोन ठेवला आणि बादलीच्या कडीचा रंग निवडायला बसली. राखाडी घ्यावा की निळा, यावर तिनं बराच विचार केला. तौफिक तिच्या तोंडाकडं बघत उभा होता. तिला रडू येईल म्हणून त्यानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला होता, पण रडू आलंच नाही. पुढचे दिवसही तसेच गेले. दवाखान्यात जायची, काचेतून नळ्यांमधले अण्णा बघायची, परत यायची, जेवायची, झोपायची. तिला काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही वाईट वाटत नव्हतं. दात काढण्यापूर्वी डॉक्टर इंजेक्शन देतो, त्यानंतर गालाला हात लावला तर तो दुसऱ्याचा वाटतो. तिला घर, स्टुडिओ, गल्ली, सगळंच त्या गालासारखं वाटत होतं. किटलीची तिला आठवणही झाली नाही.

किटलीनं स्वतःच आठवण करून दिली. मगदूमांचा बिनड्रायव्हरचा टेंपो गल्लीत येऊन उभा राहिला आणि नेहमीसारखा नमुन्यांचा एक खोका उतरवून निघून गेला. तौफिकनं खोका फोडला, किटली वरवर बघून “झक्कास आलीय गं” म्हणाला, कोपऱ्यावरच्या गाड्यावरून तिच्यात चहा भरून आणला आणि ओतायला गेला.

“आई गं!”

चहा त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. तो हात नळाखाली धरून उभा राहिला. मृणालनं किटली उचलली, फिरवून बघितली. चोच मुठीवर होती.

“ही तीट आहे,” ती म्हणाली.

“मला भाजलंय, मला कळलंय.”

“तीट साच्यात कशी गेली?”

तौफिकनं कारखान्यात ओळखीच्या माणसाला फोन लावला. तिथून कळलं, की साचा कधीच कापून झाला, माल काढणं चालू आहे आणि गोदाम निम्मं भरलंय. माणसाचं बोट कुठंच लागलं नव्हतं. होकारानं हो म्हटलं, यंत्रांनी मान तुकवली. त्या माणसानंच ‘थेट’ बटणाचंही सांगितलं.

तौफिक ओल्या हातानंच खुर्चीत बसला. यंत्राच्या बाबतीत त्याचं डोकं मृणालपेक्षा भरभर चालायचं.

“बघ. ते काय शिकलंय? आपणच शिकवलंय त्याला. बाई चूक दाखवते, म्हातारा ओरडतो, चा येतो, मंजूर. परत बाई चूक दाखवते, म्हातारा ओरडतो, मंजूर. वीस वर्षं. जेवढी चूक मोठी, तेवढा म्हातारा खूश आणि तेवढी मंजुरी पक्की. मग त्यानं मधलं गाळून टाकलं.”

“आणि ह्यावेळी तीट सगळ्यात मोठी होती.”

“म्हणून एका झटक्यात मंजूर. दुसऱ्या डिझाइनवाल्यांचं काम अण्णांनी किती बघितलं? जे बघितलं ते आपलंच. त्याच्यात ‘नाही’वर संपलेली एक गोष्ट नाही, मृणाल. त्याला काय पण दाखव, नंदीबैलागत मान हलवणार.”

मृणालनं अभिनंदनला फोन लावला. किटल्या थांबवायला हव्यात, एवढंच तिच्या मनात होतं.

“मॅडम, किटलीचं नंतर बघू,” अभिनंदनचा आवाज बसलेला होता. “अण्णांच्या मेंदूला सूज आलीय. डॉक्टर म्हणतायत कवटी उघडून ऑपरेशन करायचं, नाहीतर हातात काही नाही. पाच वाजेपर्यंत सही पाहिजे. होकाराला विचारलं. तो हो म्हणाला. त्यामुळं जरा धीर आलाय बघा.”

दवाखान्यांतही आता होकार चालायचा. कायद्यानं त्याला किंमत नव्हती, पण बेशुद्ध माणसाच्या मनात काय असेल हे विचारायला दुसरं होतं काय? डॉक्टर विचारायचे, नातेवाईक फोन पुढं करायचे, आणि मग सही करणाऱ्याला पुढं झोप लागायची.

मृणालनं फोन ठेवला आणि पिशवी खांद्याला अडकवली. तौफिक दारात आडवा आला.

“काय सांगणार आहेस?”

“त्या होकाराला अर्थ नाही म्हणून.”

“का नाही, असं अभिनंदननं विचारल्यावर काय सांगशील? गेली वीस वर्षं तुझ्या बाला आम्ही चुका दाखवून उल्लू बनवलं, म्हणून? मृणाल, डोकं ठिकाणावर ठेव. कोल्हापूर आहे हे, रात्रीपर्यंत उद्यमनगरातल्या कारखान्या-कारखान्यांत बोभाटा होईल. नुसतं मगदूमाचं काम जाणार नाही. इचलकरंजीवाले, सांगलीवाले, सगळ्यांना आपण तीट लावलीय. सगळ्यांचे होकार आपल्या कामावर शिकलेत. उद्यापासून दारात कोण उभं करणार आपल्याला?”

तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. मृणालला ते पटतही होतं. ‘रेघ’ बंद पडेल, हे वाक्य तिनं मनात म्हणून बघितलं. काही झालं नाही. अण्णांची कवटी उघडतील, हेही म्हणून बघितलं. तेव्हाही काही झालं नाही. पण दोन्हींतलं कुठलं आधी थांबवायचं हे कळायला काही वाटावं लागत नाही.

“सरक,” ती म्हणाली.

तो सरकला. “रिक्षानं जा, गाडी चालवू नको,” एवढंच म्हणाला.

दवाखान्यात अभिनंदन बाकावर एकटाच होता. त्याची आई केव्हाच गेली होती, भावंड नव्हतं. मांडीवर कागद होते, हातात फोन होता आणि फोनवर हिरवी खूण. ‘शस्त्रक्रिया: मंजूर.’ खाली अण्णांचा हसरा फोटो.

मृणाल त्याच्या शेजारी बसली आणि सगळं सांगून टाकलं. तीट, किटली, थेट बटण. बाजारातला भाव सांगावा तसं सपाट आवाजात सांगितलं. अभिनंदन ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही, तेव्हा तिला वाटलं, याला समजलं नाही.

“खोटं वाटत असेल तर उलटं विचारून बघा,” ती म्हणाली. “ऑपरेशन न करता घरी न्यायचं का, असं विचारा.”

अभिनंदननं विचारलं नाही. फोन तसाच हातात ठेवून तो म्हणाला, “विचारलंय. काल.”

“मग?”

“मंजूर म्हणाला. हिरवी खूण. हाच फोटो. मग मी विचारलं, मुंबईला हलवू का. मंजूर. कारखाना विकू का. मंजूर. मॅडम, मी इतका पण खुळा नाही.”

“मग मघाशी फोनवर...”

“हिरवं दिसलं की हात चालतो हो.” त्यानं डोळे पुसले. “अण्णांनी हो म्हटलं म्हणून केलं, असं पाव्हण्यांना सांगता येतं. स्वतःला पण सांगता येतं. ते वाचले आणि अंथरुणावर दहा वर्षं नुसते पडून राहिले तरी मी म्हणणार, त्यांनीच सांगितलेलं. गेले तरी तेच म्हणणार.”

समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं. बाण चुकीच्या दिशेनं काढले होते. मृणालनं ते बाण मनातल्या मनात नीट केले.

“तुम्ही सांगा,” अभिनंदन तिच्याकडं वळला. “माझ्याशी अण्णा कधी भांडलेच नाहीत. मी म्हणेन ते हो, एकुलता एक म्हणून. भांडले ते तुमच्याशी. वीस वर्षं. त्यांना काय नको असायचं हे तुमच्याएवढं कुणाला ठाऊक असणार? अण्णा काय म्हणाले असते?”

तिनं आठवून बघितलं. डब्याची खाच. बादलीची कडी. खुर्चीचा आखूड पाय. अण्णांचे सगळे नकार तिला तोंडपाठ होते, त्यांच्या आवाजासकट. आणि एकेक आठवताना तिच्या लक्षात येत गेलं, की त्यातला प्रत्येक तिनंच लिहून त्यांच्या हातात दिला होता. कुठं ओरडायचं हे तीच ठरवायची. त्यांना खरोखर काय आवडलं नाही, हे म्हणायची पाळी तिनं त्यांच्यावर कधी येऊच दिली नव्हती. ज्या माणसाबरोबर तिनं आयुष्यातला सगळ्यात जास्त चहा घेतला, त्याचा एकही खरा नकार तिच्यापाशी नव्हता.

आता मात्र तिला वाटलं. लाज वाटली, आणि अण्णांची इतकी आठवण आली, की बाकाची कड धरावी लागली.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “खरंच माहीत नाही, अभिनंदन. मी त्यांना कधी विचारलंच नाही.”

अभिनंदन उठून काचेपाशी गेला. आत अण्णा पडले होते. गंध नसलेलं त्यांचं कपाळ फार मोठं दिसत होतं. यंत्र त्यांच्या छातीत हवा भरत होतं आणि काढून घेत होतं. अभिनंदननं हात वर नेला, काचेला लावायला, आणि न लावताच खाली घेतला.

डॉक्टर हुपरीकरबाई आल्या. त्यांनी घड्याळाकडं बघितलं नाही, पण घाई त्यांच्या चालण्यातच होती.

“काय ठरलं?”

“ऑपरेशननंतर ते मला ओळखतील?” अभिनंदननं विचारलं.

“खोटं सांगत नाही. बहुतेक नाही. बोलणं, उठून बसणं, हेही बहुतेक नाही. जीव मात्र वाचू शकतो.”

अभिनंदननं मान हलवली. मृणाल उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याच्याकडं बघितलं नाही, नुसती उभी राहिली.

“नको,” तो म्हणाला. “ऑपरेशन नको. त्यांना दुखणार नाही एवढं बघा. मी आत जाऊन बसतो त्यांच्यापाशी.”

डॉक्टरबाईंनी कागद घेतला आणि पेन उघडलं. असे कागद त्या रोज भरत असणार. त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं, “पेशंटचा नकार, असं लिहू ना?”

“नाही,” अभिनंदन म्हणाला. “माझा लिहा.”